डाव्या पाटाच्या कडेने सायकलमार्ग : पैसा कोणत्या खात्याचा आणि राखणार कोण?

गोदाकाठ

सर्वांना नमस्कार. जायकवाडीचा डावा कालवा, ज्याला आमच्याकडे सगळे नुसता 'पाट' म्हणतात, पैठणहून निघून अंबड, घनसावंगी, पाथरी या भागांतून परभणीकडे जातो. त्याची लांबी 208 किलोमीटर आहे आणि कडेने देखभालीसाठी ठेवलेला सेवा रस्ता आहे. दिवाळीनंतर मी आणि माझे मेहुणे त्या रस्त्याने दोन दिवस सायकलवर गेलो. चढ असा लागलाच नाही, कारण पाणी आपल्या वजनाने वाहायचे तर पाटाला उतार नावापुरताच ठेवावा लागतो. सायकलीसाठी मुद्दाम आखायला घेतला असता तरी याहून सोयीचा मार्ग निघाला नसता.

अडचणीही सांगतो. पहिल्याच दिवशी चार पंक्चर झाले. अंबडच्या पुढे एका दुकानात ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, तेव्हा एका ठिकाणी बुडबुडे येण्याऐवजी भजी तळावीत तसे सगळीकडून यायला लागले. दुकानदाराने चिमट्याने अकरा सराटे काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि पैसे मात्र चारच ठिगळांचे घेतले.

माझा प्रश्न असा आहे की, अशा लांब पल्ल्याच्या, सावलीच्या आणि मोटारींपासून वेगळ्या सायकलमार्गासाठी सरकारी पैसा मागायचा असेल तर तो कोणाकडे मागावा? पर्यटन, बांधकाम, पाटबंधारे की जिल्हा नियोजन समिती? आणि मागताना संपूर्ण 208 किलोमीटरचा आराखडा मांडावा की एखाद्या तुकड्यापासून सुरुवात करावी?

दोनचाकी

विषय काढल्याबद्दल आभार. माझ्या मते मागणी पर्यटनाच्या नावानेच करावी, आणि ती पूर्ण लांबीचीच असावी, कारण तुकड्यांना कोणी प्रवासी येत नाही. स्पेनमध्ये 1993 पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे चालण्या-सायकलीचे हरित मार्ग करण्याचा कार्यक्रम सुरू आहे आणि त्यांची एकूण लांबी आता 3,000 किलोमीटरच्या पुढे गेली आहे. अमेरिकेत पिट्सबर्गपासून कंबरलंडपर्यंत असाच सुमारे 240 किलोमीटरचा मार्ग 2013 साली पूर्ण झाला, आणि त्याच्या काठच्या लहान गावांत खानावळी व मुक्कामाच्या खोल्या चालू लागल्या. आपल्या मार्गाच्या सुरुवातीलाच पैठणला नाथांची समाधी आणि नाथसागर आहे. आणखी काय हवे?

शिवाय समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे आणि त्यावर मोटारसायकलीलासुद्धा प्रवेश नाही, तेव्हा सायकलवाल्याच्या वाट्याला पाटाची कडच उरते.

बालाघाटी

सराट्यांची संख्या पाहता पंक्चरच्या दुकानांना तरी या प्रकल्पातून निश्चित रोजगार मिळेल.

ऊसवाला

मी पाटकाठचा शेतकरी आहे आणि माझा ऊस याच सेवा रस्त्याने बाहेर पडतो. वर सगळे 'रिकामा रस्ता' असल्यासारखे लिहीत आहेत, म्हणून नोंद करतो की तो रिकामा नाही. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत या रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चालतात. ठिकठिकाणी पाण्याच्या मोटारींचे पाइप रस्ता ओलांडून शेतात गेलेले आहेत. उद्या येथे सायकलमार्गाचा फलक लागला, लोखंडी खांब रोवले गेले आणि ट्रॅक्टरला बंदी झाली, तर माझा ऊस डोक्यावरून न्यायचा का? सायकलीला माझा विरोध नाही, माझी मुलगीही सायकलनेच शाळेत जाते. परंतु शहरातल्या लोकांनी रविवारी फिरावे म्हणून आमची वाट बंद होणार असेल, तर ग्रामसभेत पहिला विरोध माझाच असेल.

मोजपट्टी

माझी सगळी नोकरी कालव्यांच्या कामावर गेली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे सेवा रस्ता हा सार्वजनिक रस्ता नव्हे. तो कालव्याच्या जमिनीवर असून तपासणी व दुरुस्तीसाठी ठेवलेला असतो, आणि त्यावर काहीही कायमस्वरूपी करायचे झाल्यास गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाची परवानगी लागेल. दुरुस्तीचे यंत्र येईल तेव्हा मार्ग बंद राहील, ही अट त्या परवानगीत असणारच आणि ती योग्यच आहे.

दुसरी गोष्ट सावलीची. पाट काही ठिकाणी खोदकामातून जातो आणि काही ठिकाणी भरावावरून. भरावावर झाडे लावता येत नाहीत, कारण मुळांच्या वाटेने पाणी झिरपू लागते आणि एक दिवस पाट फुटतो. लिंब, करंज, चिंच जे काही लावायचे ते भरावाच्या पायथ्याशी, बाहेरच्या अंगाला लावावे लागेल. म्हणजे वर चालणाऱ्या सायकलस्वारावर सावली पडायला ते झाड चांगले उंच व्हावे लागेल. ज्यांच्या मनात पुढच्याच उन्हाळ्यातली सावली आहे त्यांनी टोपी घ्यावी.

तिसरी गोष्ट पृष्ठभागाची. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. अशा मातीवर डांबराचा पातळ थर दिला तर तो दोन-तीन पावसाळ्यांत कडेने उकलतो. मातीवर न फुगणाऱ्या मुरुमाचा थर नीट दाबून घेतला, दोन्ही बाजूंना पाणी काढून दिले आणि दरवर्षी खड्डे भरले, तर तो मार्ग डांबरापेक्षा जास्त टिकतो. हिशेब सोपा आहे. मार्ग 3 मीटर रुंद आणि थर 15 सेंटीमीटर धरला तर एका किलोमीटरला 450 घनमीटर, म्हणजे सुमारे 159 ब्रास दाबलेला मुरूम लागेल. सैल मुरूम त्याहून अधिक आणावा लागतो. पूर्ण 208 किलोमीटरला हा आकडा 93,600 घनमीटरवर जातो. आराखडा मांडणाऱ्यांनी आधी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

शेवटी, नकाशात पाट अखंड दिसतो तसा सेवा रस्ता अखंड नसतो. जलसेतूपाशी पाणी वरून जाते आणि रस्ता खाली ओढ्यात उतरतो. तिथे लहान पूल बांधावा लागेल किंवा वळसा घ्यावा लागेल, आणि खर्च तिथेच वाढतो.

बालाघाटी

एवढा मुरूम एकदम निघाला तर सायकलमार्गाच्या आधी आमच्याकडे नवीन तळे तयार होईल. गौण खनिजाच्या परवान्यासाठी तहसील कार्यालयाच्या फेऱ्याही सायकलनेच माराव्यात, तेवढाच सराव होईल.

कोरडवाहू

मला हा सगळा विचारच उलटा वाटतो. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ज्या भागात उन्हाळा आला की गावोगावी टँकर फिरतात, तिथे सायकलमार्गासाठी पैसा मागणे हे अग्रक्रमाचे भान सुटल्याचे लक्षण आहे. मराठवाड्याच्या अनुशेषावर 1984 च्या दांडेकर समितीपासून 2013 च्या केळकर समितीपर्यंत अहवाल झाले, त्यांत सिंचन, रस्ते, आरोग्य यांच्या उणिवा आहेत आणि त्या अजून भरून निघालेल्या नाहीत.

दुसरे असे की अशा प्रकल्पांची उद्घाटने होतात आणि नंतर कोणी फिरकत नाही. उत्तर प्रदेशात इटावा ते आग्रा 207 किलोमीटरचा सायकल महामार्ग 2016 साली मोठ्या थाटात सुरू झाला. पुढे त्याच्या दुरवस्थेच्याच बातम्या वाचायला मिळाल्या.

चौकातला

कोरडवाहू यांच्या दुसऱ्या मुद्द्याला माझे अनुमोदन आहे. आमच्या शहरात मुख्य रस्त्याच्या कडेला रंग मारून सायकलमार्ग आखण्यात आला, मध्ये प्लास्टिकचे खांब लावण्यात आले. महिनाभरात खांब मोडले, तिसऱ्या महिन्यात तिथे कांद्याच्या हातगाड्या लागल्या, आणि आता त्या पट्ट्याचा उपयोग मोटारी उभ्या करण्यासाठी होतो. एकदा मी सायकल घेऊन त्या पट्ट्यातून जाऊ लागलो, तेव्हा एका मोटारीच्या मालकाने मला 'मध्ये कुठे घुसता' असे विचारले.

खडूफळा

मी पाटाजवळच्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. आतापर्यंतच्या चर्चेत रविवारचा प्रवासी आहे, ऊस आहे, मुरूम आहे, परंतु रोज सायकल चालवणारे जे आहेत त्यांचा उल्लेख केवळ ऊसवाला दादांच्या एका वाक्यात आला.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहत असल्यास, सायकलीसाठी अनुदान मिळते. पूर्वी ते 3,500 रुपये होते, नंतर 5,000 झाले. म्हणजे शासनाने सायकल दिली, आणि ती कोणत्या रस्त्याने चालवायची याचा विचार कोणत्याच योजनेत केला नाही. माझ्या शाळेतल्या दोन गावांच्या मुली राज्यमार्गाने न येता पाटाच्या कडेने येतात, कारण राज्यमार्गावर ट्रक अंगावर येतात. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये काळा चिखल असा घट्ट बसतो की चाक फिरतच नाही. प्रत्येक मुलीच्या कॅरिअरला त्यासाठी बाभळीची एक लहान काठी खोचलेली असते. शंभर पावले चालायचे, काठीने चिखल काढायचा, पुन्हा शंभर पावले. पहिल्या तासाला त्या ओल्या पायांनी वर्गात येतात आणि जुलैच्या शेवटी काही जणी येणेच बंद करतात.

कोरडवाहू दादा, तुम्ही अग्रक्रम म्हणालात. हा माझ्या दृष्टीने अग्रक्रमच आहे. यासाठी हैदराबादसारखे सौर छत नको, तीन मीटर मुरूम हवा.

दोनचाकी

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझ्या पहिल्या प्रतिसादातला 'तुकड्यांना कोणी येत नाही' हा भाग मागे घेतो.

ज्यांना संदर्भ माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहितो : हैदराबादच्या बाह्य वळण रस्त्यालगत 23 किलोमीटरचा, वर सौर पॅनेलचे छत असलेला सायकलमार्ग 1 ऑक्टोबर 2023 रोजी सुरू झाला. त्या छताची वीजक्षमता 16 मेगावॅट आहे. तिथे सावली आणि वीज एकाच खर्चात मिळाली, ही कल्पना मला अजूनही आवडते, पण तो महानगराच्या पैशाचा खेळ आहे.

बार्शी लाइट

मी लातूरचा. पाटाचा विषय चालू असताना आमच्या जुन्या छोट्या रेल्वेची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे 1911 साली लातूरला पोहोचली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात मार्ग रुंद होईपर्यंत धावली. रुंदीकरणात मार्ग काही ठिकाणी बदलला, उस्मानाबाद शहर, म्हणजे आजचे धाराशिव, नव्या मार्गावर आले आणि जुन्या मार्गाचे काही तुकडे सुटले. येडशीच्या बाजूला, रामलिंगच्या डोंगरात, तो जुना मार्ग ज्या सावकाश वळणांनी चढतो, ती वळणे सायकलीसाठीच आहेत असे वाटते. माझे वडील तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला जाताना या गाडीचा उल्लेख 'आपली गाडी' असा करत, जणू बाकीच्या गाड्या परक्या होत्या.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ हा सुमारे 21 किलोमीटरचा सोडलेला रेल्वेमार्ग 1979 ते 1986 या काळात तुकड्यातुकड्याने, बराचसा स्वयंसेवकांच्या श्रमातून, सायकलमार्ग झाला. त्यांनीही आधी एक तुकडा केला आणि लोक वापरू लागल्यावर पुढचा मागितला.

मोजपट्टी

कल्पना चांगली आहे, परंतु रेल्वेची जमीन केंद्राची असते आणि रूळ काढले म्हणून ती गावाची होत नाही. पाटाची जमीन निदान राज्यातल्या एकाच महामंडळाची आहे. त्या दृष्टीने पाट सोपा.

लेखाशीर्ष

मूळ प्रश्न पैशाचा होता, म्हणून त्याकडे वळतो. मी अनेक वर्षे जिल्हास्तरावर लेखा शाखेत काम केले आहे.

गोदाकाठ यांनी विचारले की पैसा कोणाकडे मागावा. खरी अडचण अशी आहे की पाट तीन जिल्ह्यांतून जातो आणि जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा जिल्ह्याच्या हद्दीवर थांबतो. संभाजीनगर, जालना, परभणी या प्रत्येकाची नियोजन समिती वेगळी, तिचे अध्यक्ष असलेले पालकमंत्री वेगळे, सदस्य सचिव असलेले जिल्हाधिकारी वेगळे. एका जिल्ह्याने यंदा तरतूद केली आणि शेजारच्याने केली नाही, तर मार्ग शिवेवर येऊन संपेल. संपूर्ण विभागाचा विचार करण्यासाठी 1994 साली मराठवाडा वैधानिक विकास मंडळ झाले होते. त्याची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. त्याचे काम कसे होते यावर मतभेद असू शकतात, पण तीन जिल्ह्यांचा एक कागद ठेवायला ते एक टेबल होते.

म्हणून माझी सूचना अशी की परवानगी एकत्र मागावी आणि पैसा वेगवेगळा मागावा. महामंडळाकडून पूर्ण लांबीसाठी तत्त्वतः संमती आणि रुंदी, झाडे, खांब यांचे एकच मानक घ्यावे. मग ज्या जिल्ह्याची तयारी असेल त्याने आपला तुकडा करावा. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी वाटा असतो, तिथे पहिला प्रस्ताव बसू शकतो. मातीकाम आणि झाडे रोजगार हमीतून होऊ शकतात, मात्र तिथे मजुरी आणि साहित्य यांचे 60:40 प्रमाण पाळावे लागते, आणि यंत्राने दाबलेला मुरूम साहित्यात फार जातो. शेत-पाणंद रस्त्यांसाठी 2021 साली आलेल्या मातोश्री योजनेत रोजगार हमी आणि राज्याचा निधी यांची सांगड घातली होती, त्याच धर्तीचा प्रस्ताव करता येईल. पर्यटनाचा निधी मी शेवटी ठेवीन. तो मिळाला तर आधी कमान उभी राहते, नंतर सेल्फीची जागा होते, आणि मुरुमाची पाळी येईपर्यंत मार्च संपतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. बांधकामाला पैसा मिळतो, देखभालीला लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातले खर्चाचे खाते, नसते. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघडलेले काम त्यानेच दुरुस्त करून द्यायची मुदत, संपला की मार्ग कोणाचाच राहत नाही. इटाव्याचे काय झाले याचे उत्तर मला तिथल्या कागदांशिवाय देता येणार नाही, पण आपल्याकडच्या शेकडो सभामंडपांचे काय झाले ते मी पाहिले आहे. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर दरवर्षी खड्डे कोण भरणार, सराटे आणि वेडी बाभूळ कोण काढणार, आणि त्याचे पैसे कुठून येणार हे लिहिलेले नसेल, तर मी स्वतः त्यावर प्रतिकूल शेरा मारला असता.

कोरडवाहू

हा प्रतिसाद पटला. टँकरबद्दलचे माझे म्हणणे कायम आहे, परंतु खडूफळा ताईंच्या मुलींचा चिखल मी त्यात धरला नव्हता.

तरी एक शंका राहते. रस्ता चांगला झाला की त्यावर सायकलीपेक्षा मोटारसायकली जास्त येतील. गावात मुरमाचा चांगला रस्ता सायकलींसाठी राखून ठेवलेला मी तरी पाहिलेला नाही.

दोनचाकी

त्यासाठी आरंभीच्या आराखड्यातच वेगळी जागा मागावी लागते. आळंदी-पंढरपूर पालखी महामार्गाचे भूमिपूजन 2021 साली झाले, त्यात चौपदरीकरणासोबत वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र पदपथ धरला आहे. पायी चालणाऱ्यांसाठी महामार्गाच्या अंदाजपत्रकात पैसा बसू शकतो, तर सायकलीसाठी का बसू नये?

ऊसवाला

पालखीला वर्षातून एकदा वाट लागते, उसाला सहा महिने. माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिले नाही.

मोजपट्टी

उत्तर देतो. जिथे सेवा रस्ता दोन्ही काठांना आहे तिथे प्रश्न सुटतो, एक काठ ट्रॅक्टरला आणि दुसरा सायकलीला. जिथे एकच काठ आहे तिथे काढता येणारे खांब लावावेत, त्यांना कुलूप असावे आणि दोन खांबांमध्ये एक मीटर मोकळे ठेवावे. सायकल सहज जाते, ट्रॅक्टर जात नाही. मोटारसायकल मात्र जाईल, ती अडवण्याचा खांब अजून कोणी शोधलेला नाही. हंगामात खांब काढून ठेवायचे. ट्रॉलीच्या चाकोऱ्या पडतील, त्या एप्रिलमध्ये भरून घ्यायच्या, आणि तो खर्च देखभालीत आधीच धरायचा.

ऊसवाला

कुलपाची किल्ली कोणाकडे राहणार? किल्ली तालुक्याच्या कार्यालयात असेल तर तोडलेला ऊस बांधावर वाळेल.

लेखाशीर्ष

पाणी वापर संस्थेच्या सचिवाकडे ठेवावी. शेतकऱ्यांनी सिंचनाचे व्यवस्थापन करण्याचा कायदा 2005 पासून आहे, आणि जिथे संस्था जिवंत आहे तिथे पाण्याच्या पाळीचे वेळापत्रक तीच सांभाळते. देखभालीचा ठरावही ग्रामपंचायत आणि पाणी वापर संस्था यांनी मिळून केला, तर नियोजन समितीपुढे त्याचे वजन वाढेल.

बालाघाटी

किल्ली सचिवाकडे, सचिव लग्नाला. हा धोका टिपणीत नमूद करावा.

ऊसवाला

बालाघाटी यांचा विनोद आमच्या गावात प्रत्यक्ष घडू शकतो, म्हणून दोन किल्ल्या कराव्यात. खांब ऑक्टोबर ते मार्च उघडे राहतील आणि दुसरी किल्ली गावात राहील, असे लेखी असेल तर मी विरोध करणार नाही. पाइपांवरून सायकल उड्या मारत जाते, ते पाइप जमिनीखाली घ्यायला प्रत्येक शेतकऱ्याला सांगावे लागेल. माझा पाइप मी या पाळीनंतर घेतो.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मी 208 किलोमीटरचा नकाशा रंगवून पर्यटन खात्याकडे जाणार होतो, ते आता करत नाही.

पहिला प्रस्ताव खडूफळा ताईंच्या शाळेपासून त्या दोन गावांपर्यंतच्या तुकड्याचा करू. तो सुमारे 7 किलोमीटर आहे, म्हणजे मोजपट्टी साहेबांच्या हिशेबाने 3,150 घनमीटर मुरूम. सोबत पूर्ण लांबीच्या संमतीसाठी महामंडळाला वेगळे पत्र देऊ. देखभालीचा आणि किल्ल्यांचा ठराव 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मांडता येईल. त्याआधी या वाटेने रोज किती सायकली जातात याची मोजणी हातात हवी, कारण नियोजन समितीत तोच पहिला प्रश्न येईल. येत्या सोमवारी सकाळी सात ते अकरा मी स्वतः पाटावर बसू शकतो. लेखाशीर्ष साहेब, मसुदा तुम्ही एकदा नजरेखालून घालाल का?

लेखाशीर्ष

अवश्य. देखभालीचे पान पहिले ठेवा.

खडूफळा

सोमवारी येऊ नका. त्या दिवशी आमच्याकडे आठवडी बाजार असतो, निम्म्या मुली घरी थांबतात आणि सायकली भावांकडे जातात, त्यामुळे आकडा चुकेल. बुधवारी या. मोजायला मी नववीच्या दोन मुलींना बसवते. कोणती सायकल कोणाची आणि कोण रोज येत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, आणि ज्या आता येतच नाहीत त्यांची नावेही त्याच सांगतील.